‘होल्ड युअर हॉर्सेस’ : नेमका अर्थ काय, आणि हे घोडे आले कुठून?

अर्धविराम :

‘होल्ड युअर हॉर्सेस’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ बहुतेक शब्दकोश ‘थांबा, धीर धरा’ असा देतात. पण संवादात तो येतो तेव्हा कधी दटावणी वाटते, कधी प्रेमाची समजावणी. ज्याला महिनोन्‌महिने एखाद्या निकालाची वाट पाहायची आहे, त्याला हे म्हणतात का? वरिष्ठांना म्हटलं तर चालतं का? आणि एकाच माणसाशी बोलतानाही ‘हॉर्सेस’ असं अनेकवचन का?

दुसरा भाग उगमाचा. याबद्दल तीन गोष्टी सगळीकडे फिरताना दिसतात. एक, होमरच्या ‘इलियड’मधल्या रथांच्या शर्यतीत हे वाक्य आहे. दोन, तोफांच्या आवाजाने बुजणाऱ्या घोड्यांना आवरण्यासाठी सैन्यात हा हुकूम होता. तीन, आगीचे बंब ओढणाऱ्या घोड्यांवरून तो आला. यातलं पुराव्यापुढे काय टिकतं? अनुवाद करताना मराठीत काय वापरावं, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

काना_मात्रा :

आधी अर्थाचं पाहू. शब्दकोशात काहीही असलं तरी हा वाक्प्रचार वाट पाहण्यापेक्षा घाई रोखण्याचा आहे. समोरचा माणूस काहीतरी करायला निघालाय, मध्येच बोलू लागलाय किंवा पुरती माहिती हाती नसताना निष्कर्ष काढून मोकळा होतोय, तेव्हा त्याला जागच्या जागी अडवायचं असतं. म्हणून त्याच्या मागोमाग जवळजवळ नेहमी कारण येतं : ‘होल्ड युअर हॉर्सेस, वी हॅवन्ट चेक्ड द फिगर्स येट.’ म्हणजे अहो थांबा, आकडे अजून तपासायचे आहेत. हे कारण गाळलं की तेच वाक्य तुटक ऐकू येतं. तुम्हाला दटावणी जिथे जाणवते तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्याला हे लागू पडत नाही. त्याच्याकडे आवरायला काही नाही, त्याला नुसता धीर हवा आहे. त्याला ‘बी पेशंट’ किंवा ‘हँग इन देअर’ म्हणतील. तोच माणूस निकाल लागायच्या आत पुढच्या खर्चाची बोलणी करू लागला, तर मात्र ‘होल्ड युअर हॉर्सेस’ चपखल बसेल.

वरिष्ठांना, ग्राहकाला किंवा अनोळखी माणसाला म्हणू नये. यात ‘तुम्ही उतावीळ आहात’ असा ठपका गृहीत असतो, आणि तो बरोबरीच्या किंवा जवळच्या माणसालाच लावता येतो. लेखी मजकुरात तर जास्त जपावं, कारण तोंडी बोलताना जो आवाजातला हलकेपणा त्याची धार कमी करतो, तो ई-मेलमध्ये उतरत नाही.

व्याकरण थोडं हट्टी आहे. तो मुख्यतः आज्ञार्थातच येतो. तिसऱ्याबद्दल सांगताना ‘आय टोल्ड हिम टू होल्ड हिज हॉर्सेस’ असं सर्वनाम बदलतं, घोडे मात्र अनेकवचनीच राहतात. ‘होल्ड युअर हॉर्स’ म्हटलं तर खरोखरचा घोडा धरायला सांगितल्यासारखं होईल. ‘द हॉर्सेस वेअर हेल्ड’ अशा कर्मणी रचनेत लाक्षणिक अर्थ उडून जातो, आणि ‘डोन्ट होल्ड युअर हॉर्सेस’ असा नकार कुणी वापरत नाही. बोलताना ‘युअर’ अगदी हलका, ‘यर’सारखा उच्चारला जातो. जोर ‘हॉर’वर येतो आणि शेवट ‘सेस’पेक्षा ‘सिझ’च्या जवळ जातो.

अनेकवचनाची किल्ली ‘होल्ड’ या क्रियापदात आहे. इथे त्याचा अर्थ ‘हातात धरणे’ नाही, ‘आवरून धरणे’ आहे. ‘होल्ड बॅक’, ‘होल्ड इन’ यांमध्ये आहे तोच. डोळ्यांपुढे गाडीवान आणायचा. जोडी किंवा चौकडी जुंपलेली आहे, घोडे निघायला उत्सुक आहेत आणि त्यांना उभं ठेवायचं आहे. त्यासाठी लगामावर दोन्ही बाजूंना सारखा, न तुटणारा ताण ठेवावा लागतो. लगाम सैल सोडला की घोडे चालू लागतात. हिसका दिला की तोंडातली लोखंडी दांडी जबड्याला लागते आणि घोडा मान उडवतो, मागे सरकतो, क्वचित पुढचे पाय उचलतो. जोडीतला एक बिथरला की दुसराही बिथरतो. स्वाराकडे एकच घोडा असतो, पण गाडी हाकणाऱ्याच्या हाती अनेक. म्हणून हे अनेकवचन गाडीवानाच्या तोंडी शोभतं.

जुनी_पाने :

उगमाकडे येतो. लाक्षणिक अर्थाचा जुना छापील पुरावा अमेरिकेतला आहे आणि तो १८४० च्या दशकातला आहे. नेहमी दिला जाणारा दाखला न्यू ऑर्लिन्सच्या ‘पिकायून’ या वृत्तपत्रातला, सप्टेंबर १८४४ चा : ‘ओह, होल्ड युअर हॉसेस, स्क्वायर. देअर्ज नो यूस गेटिन राइल्ड, नो हाउ.’ मराठीत सांगायचं तर, ‘अहो, जरा दमानं घ्या. तापून काही उपयोग नाही.’

हा दाखला नीट वाचण्यासारखा आहे. आवरायचं म्हणताहेत ते घोडे नाहीत, राग आहे. म्हणजे १८४४ मध्येच वाक्प्रचार खऱ्या घोड्यांपासून सुटलेला होता आणि वाचकाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. छापला जाण्याआधी तो काही काळ तोंडी रुळलेला असणार.

दुसरी खूण ‘हॉसेस’ या लेखनात आहे. अमेरिकी बोलींमध्ये काही शब्दांत ‘स’च्या आधीचा ‘र’ गळतो. ‘कर्स’चं ‘कस’, ‘बर्स्ट’चं ‘बस्ट’, ‘पार्सल’चं ‘पॅसल’, तसंच ‘हॉर्स’चं ‘हॉस’. त्या काळचे लेखक रांगड्या, ग्रामीण पात्रांच्या तोंडी अशी रूपं मुद्दाम घालत. १९ व्या शतकात हा वाक्प्रचार ‘हॉसेस’ या रूपात भरपूर सापडतो. ग्रंथातून किंवा शाळेतल्या ग्रीक अभ्यासातून उतरलेला शब्दप्रयोग असा बोलीच्या वेषात येत नाही. तो रस्त्यावरून आणि तबेल्यातून आलेला आहे.

आता होमर. ‘इलियड’च्या २३ व्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त खेळ होतात. रथांच्या शर्यतीत पाच जण उतरतात : युमेलस, डायोमिडीज, मेनेलाउस, अँटिलोकस आणि मेरिओनीज. पावसाच्या पाण्याने वाट एके ठिकाणी खचून अरुंद झालेली असते. नेस्टरचा मुलगा अँटिलोकस तिथेच मेनेलाउसच्या शेजारून रथ घुसवतो. मेनेलाउस ओरडतो की तू अविचाराने हाकतो आहेस, घोडे आवर, वाट अरुंद आहे. मूळ ग्रीकमध्ये ४२६ व्या ओळीत ‘अनेख हिप्पूस’ असे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ खरोखर ‘घोडे आवर’ असाच होतो. अँटिलोकस ऐकत नाही, उलट चाबूक जोरात चालवतो. टक्कर होईल या भीतीने मेनेलाउसच स्वतःचा वेग कमी करतो.

प्रसंग सुंदर आहे, पण त्यातून उगम सिद्ध होत नाही. तिथे रथ आहे, घोडे आहेत आणि त्यांनाच आवरायला सांगितलं आहे. रथ हाकणाऱ्या कुठल्याही समाजात, कुठल्याही भाषेत हे वाक्य या प्रसंगी असंच निघेल. वाक्प्रचार तेव्हा होतो जेव्हा घोडे नसतानाही ते म्हटलं जातं. होमरपासून १८४४ च्या न्यू ऑर्लिन्सपर्यंत लाक्षणिक वापराची साखळी दाखवता आली तरच नातं मानता येईल, आणि अशी साखळी नाही. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. रॉबर्ट फेगल्स यांच्या १९९० च्या इंग्रजी भाषांतरात या जागी नेमकं ‘होल्ड युअर हॉर्सेस’ आहे. तेव्हा हा वाक्प्रचार अमेरिकेत दीडशे वर्षं जुना झालेला होता. अनुवादकाने चालू भाषेतला तयार शब्दप्रयोग उचलला. वाचकांना मात्र तो होमरपासूनच असल्यासारखा भासतो.

सैन्याची गोष्ट अर्धी खरी आहे. घोडे धरण्याचं काम सैन्यात होतंच. अमेरिकी घोडदळ पायउतार होऊन लढायचं तेव्हा दर चार स्वारांपैकी एक जण मागे राहून चारही घोडे सांभाळायचा. पण तिथून हा शब्दप्रयोग सर्वसामान्यांत आला असं दाखवणारा मजकूर कुणी पुढे आणलेला नाही. याच गोष्टीची चिनी आवृत्तीही फिरते, की तिकडे बंदुकीची दारू निघाल्यावर घोडे बुजू लागले आणि वाक्प्रचार जन्मला. चीनमध्ये ती दारू साधारण ९ व्या शतकातली. मधली जवळजवळ हजार वर्षं भरून काढायला काहीच नाही.

बंबांची गोष्ट तर कालक्रमातच अडकते. १८४० च्या दशकात अमेरिकेतले बंब बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक माणसंच दोरांनी ओढत. वाफेचे जड बंब आले तेव्हा घोड्यांची गरज पडू लागली. सिनसिनाटीचं पगारी अग्निशमन दल १८५३ चं, आणि वाफेच्या बंबांचा प्रसार त्यानंतरचा. ‘पिकायून’मधलं वाक्य त्याच्या आधी छापून झालेलं होतं.

म्हणून एखादी रणभूमी किंवा एखादी शर्यत शोधत बसण्याची गरज नाही. त्या काळात घोडागाडी नव्हती असा रस्ताच नव्हता. ‘घोडे आवर’ हे रोजचं वाक्य होतं, आणि रोजच्या वाक्यातून लाक्षणिक अर्थ निघायला एखादा प्रसिद्ध प्रसंग लागत नाही.

अर्धविराम :

दोघांचेही आभार. बंबाच्या कालक्रमाचा मुद्दा पहिल्यांदाच कळला. यालाच जोडून विचारतो. ‘कूल युअर हील्स’, ‘बाइड युअर टाइम’, ‘हँग फायर’ हेही पुष्कळ याद्यांमध्ये ‘वाट पाहणे’ याखाली एकत्र दिलेले असतात. ते एकाच्या जागी दुसरा चालण्यासारखे आहेत का?

तिसरी_घंटा :

नाही चालत, आणि त्या याद्यांनी बरंच नुकसान केलंय. यातला प्रत्येक शब्दप्रयोग उशीर कुणामुळे आहे हे सांगतो. तेवढं विचारलं की निवड आपोआप होते.

ऐकणारा घाई करतोय : ‘होल्ड युअर हॉर्सेस’. बोलणाऱ्याकडूनच उशीर होतोय आणि तो समोरच्याकडे सवलत मागतोय : ‘बेअर विथ मी’. वर वरिष्ठांना काय म्हणावं असं विचारलं होतं, तिथे हेच वापरायचं. यात ठपका स्वतःकडे घेतलेला असतो, म्हणून ते ग्राहकालाही चालतं. फक्त स्पेलिंग सांभाळावं. हा ‘बेअर’ बी-ई-ए-आर, म्हणजे सहन करणे. बी-ए-आर-ई लिहिलं तर कपडे उतरवण्याचा अर्थ येतो, आणि ही चूक ई-मेलमध्ये फार दिसते.

‘कूल युअर हील्स’मध्ये तिसरा कुणीतरी तुम्हाला मुद्दाम किंवा बेपर्वाईने बाहेर बसवून ठेवतो. सत्ता त्याच्याकडे असते. वापर १७ व्या शतकापासूनचा आहे, आणि कल्पना चालून तापलेले पाय थांबल्यावर गार होतात ही. आज त्यात कुरबुर ठरलेली असते. म्हणून पाहुण्याला ‘प्लीज कूल युअर हील्स’ म्हणणं हा सरळ अपमान होईल. ब्रिटिश इंग्रजीत ‘किक युअर हील्स’ही आहे. त्यात कंटाळा जास्त, तक्रार थोडी कमी.

‘बाइड युअर टाइम’मध्ये वाट पाहणं हा स्वतःचा निर्णय असतो. माणूस संधी हेरून बसलेला असतो, कधीकधी डाव मनात ठेवून. ‘बाइड’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘बीडन’चं, म्हणजे राहणे, थांबणे या क्रियापदाचं वंशज. स्कॉटलंडकडच्या बोलीत ते अजून जिवंत आहे, प्रमाण इंग्रजीत मात्र जवळजवळ या एका शब्दप्रयोगापुरतं उरलंय. भूतकाळ ‘बाइडेड हिज टाइम’ असा करतात. शेवटी ‘टाइम’च येतं. ‘बाइड युअर अपॉर्च्युनिटी’ असं काही जोडता येत नाही.

‘हँग फायर’ मला यातला सर्वात नेमका वाटतो, कारण त्याच्यामागे प्रत्यक्ष यंत्र आहे. चकमकीच्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असते. थोडी बारीक दारू बाहेरच्या छोट्या वाटीत आणि मुख्य भार नळीच्या बुडाशी. दोघांना जोडणारं एक बारीक छिद्र, त्याला कान म्हणतात. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासून ठिणग्या वाटीत पडतात, वाटीतली दारू भपकन पेटते, ज्वाळा कानातून आत जाते आणि बार उडतो. कान काजळीने अर्धवट बुजला असेल किंवा दारूला ओल लागली असेल, तर वाटी पेटते पण बार क्षणभर, कधी त्याहूनही जास्त वेळ रेंगाळून उडतो. याला ‘हँग फायर’ म्हणत. बार उडणार की नाही हे कळत नाही, म्हणून नळी सुरक्षित दिशेला रोखून तसंच थांबावं लागतं. घाईने बंदूक खाली घेतली की अपघात होतो. बार मुळीच उडाला नाही आणि नुसती वाटीच पेटली, तर तो ‘फ्लॅश इन द पॅन’. तोही आज वाक्प्रचार आहे, पण अर्थ वेगळा : क्षणभर चमकून विझलेलं यश.

त्यामुळे ‘द प्रोजेक्ट इज हँगिंग फायर’ म्हणजे काम सुरू करण्याची कृती झालेली आहे, परिणाम मात्र दिसत नाही. माणसाला उद्देशून म्हटलं तर ‘अजून कृती करू नका’ असा अर्थ होतो, आणि तो वापर ब्रिटिश लिखाणात जास्त आढळतो.

विमानवाहतुकीतून आलेला ‘इन अ होल्डिंग पॅटर्न’ यात हवाच. उतरायला जागा मिळेपर्यंत विमान लांबट वर्तुळात फिरत राहतं. ठरलेली पद्धत अशी की वळणं उजवीकडे, सेकंदाला ३ अंश या वेगाने, म्हणजे अर्धं वळण एका मिनिटात. १४,००० फुटांपर्यंत सरळ टप्पा १ मिनिटाचा, त्यावर दीड मिनिटाचा. खालच्या उंचीवर एक फेरी सुमारे ४ मिनिटांची होते. यावरून लाक्षणिक अर्थ स्पष्ट होतो : हालचाल चालू आहे, इंधन जळतं आहे, पण पुढे सरकणं दुसऱ्याच्या परवानगीवर अडलं आहे. नुसतं बंद पडलेल्या कामाला हा शब्द लावू नये.

बोरू :

मराठीकरणाबद्दल. ‘तुमचे घोडे धरा’ हा शब्दशः अनुवाद अनेक उपशीर्षकांत दिसतो. त्यातून मराठी वाचकाला काहीच कळत नाही. बहुतेक ठिकाणी ‘जरा दम धर’, ‘दमानं घ्या’, ‘अरे हो हो, थांब जरा’ पुरतं. वडीलधारं माणूस बोलत असेल तर ‘सबुरीनं घ्या’. यात घोडा नाही याचं दुःख करू नये, बोलण्याचा सूर जुळला की काम झालं.

घोडा हवाच असेल तर मराठीत तीन जागा आहेत, पण तिन्ही वेगळ्या. ‘घोड्यावर बसून आलास का?’ हे घाई करणाऱ्यालाच म्हणतात, म्हणून प्रसंग जुळतो. मात्र त्यात टोमणा इंग्रजीपेक्षा तिखट आहे. मित्रांच्या किंवा घरातल्या बोलण्यात वापरा, कार्यालयीन प्रसंगात नको. ‘स्वतःचं घोडं पुढे दामटणे’ म्हणजे आपलाच मुद्दा रेटणे. समोरचा नुसती घाई न करता स्वतःचं म्हणणं रेटत असेल तेव्हाच ‘घोडं दामटू नका’ बसेल. आणि ‘घोडामैदान जवळच आहे’ हे दिसायला जवळचं, अर्थाने लांबचं. त्याचा रोख ‘आता वाद कशाला, लवकरच कळेल’ असा असतो. निकाल समोर दिसत असल्याशिवाय ते म्हणता येत नाही.

तिसरी_घंटा यांनी दिलेल्या बाकीच्यांची सोय सोपी आहे. ‘कूल युअर हील्स’साठी ‘ताटकळत ठेवणे’ किंवा ‘तिष्ठत बसणे’ अगदी बेतलेलं आहे, कुरबुरीसकट. ‘बाइड युअर टाइम’साठी ‘योग्य वेळेची वाट पाहणे’, आणि डाव असेल तर ‘दबा धरून बसणे’. ‘हँग फायर’साठी ‘खोळंबणे’ किंवा ‘रेंगाळणे’. ‘भिजत घोंगडं’ इथे मोहात पाडतं, पण ते कुणीतरी निर्णय न घेता ठेवलेल्या कामाला म्हणतात. कृती होऊन परिणाम अडलेला असेल तर ते घेऊ नका.

काना_मात्रा :

बोरू, ‘दमानं घ्या’ला एक पुरवणी. इंग्रजी वाक्यात रागाला आवर घालायचा असेल, जसं त्या १८४४ च्या दाखल्यात आहे, तर ‘दमानं घ्या’ नेमकं लागतं. निव्वळ हालचाल थांबवायची असेल तर ‘थांब जरा’ बरं. एकाच संवादात दोन्ही अर्थ आले, तर दोन वेगळे मराठी शब्द वापरायला कचरू नये.

जुनी_पाने :

१८४४ च्या आधीचा दाखला शोधायचा असेल तर थोडी पथ्यं पाळावीत. गुगल बुक्स एनग्रॅममध्ये, म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्दसमूह कोणत्या साली किती आढळतो याचा आलेख काढणाऱ्या साधनात, ‘हॉर्सेस’ आणि ‘हॉसेस’ दोन्ही लेखनं वेगवेगळी तपासा. आलेख खऱ्या घोड्यांचे आणि लाक्षणिक वापर वेगळे करत नाही, शिवाय ४० पेक्षा कमी पुस्तकांत आढळणारा शब्दसमूह तो दाखवतच नाही. त्यामुळे आलेख शून्य असला तरी वापर नव्हता असं ठरत नाही. सुमारे १८०० पूर्वीच्या छपाईत शब्दामधला ‘एस’ लांब, ‘एफ’सारखा दिसणारा असे. संगणक तो ‘एफ’ म्हणून वाचतो आणि ‘हॉर्सेस’ शोधात सापडत नाही. म्हणून मधल्या ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही शोधावं.

दाखला मिळाला की आधी संदर्भ वाचा. आसपास खरे घोडे असतील तर तो बाजूला ठेवा. मग तारीख. नियतकालिकांच्या बांधीव खंडांना अनेकदा पहिल्या अंकाचं साल चिकटलेलं असतं आणि आतला मजकूर कितीतरी वर्षांनंतरचा निघतो. खंडाचं मुखपृष्ठ आणि त्या अंकाची छापील तारीख, दोन्ही डोळ्यांनी पाहून मगच साल लिहा.